एक्स्प्लॉइट निवडताना या चुका टाळा

नेटवर्कचा स्कॅन संपला की हातात सापडलेल्या त्रुटींचं एक लांबलचक एक्सेल येतं. मध्यम आकाराच्या कंपनीचं अंतर्गत नेटवर्क असेल तर चारशे-पाचशे ओळी सहज निघतात. व्हीएपीटीच्या (क्लायंटच्या परवानगीने त्याच्या सिस्टिममधल्या त्रुटी शोधून त्या वापरता येतात का ते तपासण्याच्या) कामात नव्याने आलेली मुलं मग ठरलेली गोष्ट करतात: सीव्हीएसएसच्या (त्रुटीच्या गंभीरतेच्या ० ते १० मधल्या गुणांच्या) कॉलमवर क्लिक, उतरता क्रम, आणि वरच्या ९.८ पासून एकेकाचा एक्स्प्लॉइट, म्हणजे ती त्रुटी वापरून आत शिरणारा कोड, शोधायला सुरुवात. पाच दिवसांच्या कामातले दोन दिवस यात जातात, मध्येच एखादा सर्व्हर बसतो, आणि डोमेन ॲडमिन (सगळ्या विंडोज नेटवर्कवरचा ताबा) शेवटी मिळतं ते बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये उघड्यावर पडलेल्या पासवर्डमुळे.

प्रत्येक एक्स्प्लॉइटपुढे दोन प्रश्न ठेवायचे. हा चालला तर क्लायंटला आज माहीत नसलेलं काय कळेल? आणि हा फसला तर क्लायंटचं काय बंद पडेल? यादी या उत्तरांवर लागते. पुढच्या बहुतेक चुका यातला एक प्रश्न गाळल्यामुळे होतात.

स्कोअर बघून रांग लावणं

सीव्हीएसएसचा बेस स्कोअर त्रुटी मुळात किती गंभीर आहे ते सांगतो. तिचा चालणारा एक्स्प्लॉइट बाहेर आहे का, हल्लेखोर ती वापरतायत का, तुमच्या क्लायंटच्या नेटवर्कमध्ये ते मशीन कुठे बसलंय, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. २०१४ सालच्या हार्टब्लीड या ओपनएसएसएलमधल्या त्रुटीला सीव्हीएसएसच्या तेव्हाच्या दुसऱ्या आवृत्तीत फक्त ५.० मिळाले होते, म्हणजे ‘मध्यम’. सर्व्हरच्या मेमरीतून खासगी किल्ल्या बाहेर काढणारी त्रुटी मध्यम!

उलटं उदाहरण जुलै २०२४चं. ओपनएसएसएच या दुरून लॉगिनच्या सॉफ्टवेअरमधली रेग्रेशन, सीव्हीई-२०२४-६३८७ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीचा ठरलेला क्रमांक), स्कोअर ८.१, बातम्यांत गाजलेली. पण ती रेस कंडिशन होती, म्हणजे नेमका क्षण साधला तरच चालणारी. शोधणाऱ्या क्वालिस या कंपनीनेच लिहिलं होतं की ३२ बिट लिनक्सवर सरासरी १०,००० प्रयत्न लागतात आणि रूट शेल (पूर्ण अधिकाराची कमांड लाइन) मिळायला सहा ते आठ तास. ६४ बिटवर तोपर्यंत ती सिद्ध करून दाखवलेली नव्हती. आजचे बहुतेक सर्व्हर ६४ बिट. म्हणजे आठवडाभराच्या टेस्टमध्ये हिच्यामागे लागून लॉग भरण्यापलीकडे काही होणार नव्हतं. तरी अनेकांनी ती यादीत सगळ्यात वर ठेवली, कारण क्लायंटनेही बातमी वाचलेली होती.

मग क्रम कशावर लावायचा? सीव्हीएसएस सांभाळणारी फर्स्ट ही संस्थाच ईपीएसएस देते. पुढच्या ३० दिवसांत एखादी त्रुटी प्रत्यक्ष वापरली जाण्याची शक्यता ते ० ते १ मध्ये सांगतं. अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेची केईव्ही यादी नोव्हेंबर २०२१पासून चालू आहे आणि तिच्यात फक्त प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरलेल्या त्रुटी असतात. ही दोन्ही बघा, पण तिथेही आंधळेपणाने थांबू नका, कारण दोघांनाही तुमच्या क्लायंटची टॅली कुठल्या मशीनवर आहे ते ठाऊक नसतं. वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) पडलेल्या प्रिंटरवरचा ९.८ आणि अकाउंट्सच्या सर्व्हरवरचा ७.२ यांत मी आधी दुसरा घेईन.

बॅनर वाचून निकाल देणं

बॅनर म्हणजे सर्व्हिस स्वतःचं नाव आणि आवृत्ती सांगते ती ओळ. रिपोर्टमधले सर्वाधिक फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे नसलेल्या त्रुटींच्या नोंदी, इथे जन्मतात. रेड हॅट, डेबियन, उबुंटू या लिनक्सच्या डिस्ट्रो सिक्युरिटी पॅच बॅकपोर्ट करतात: सॉफ्टवेअरची आवृत्ती तीच ठेवायची, दुरुस्ती तेवढी मागे आणून बसवायची. सेंटओएस ७ या लिनक्सवर अपाची हा वेब सर्व्हर शेवटपर्यंत २.४.६च दाखवायचा. ही मूळ आवृत्ती २०१३ची, आणि सेंटओएस ७चा सपोर्ट संपला ३० जून २०२४ला. मधल्या काळातले पॅच तिच्यात येत राहिले; बदलत गेला तो पॅकेजचा रिलीज नंबर, जो बॅनरमध्ये दिसत नाही. स्कॅनरला दिसतं २.४.६, तो वीस सीव्हीई चिकटवून देतो, आणि टेस्टर त्यांचे एक्स्प्लॉइट गोळा करत बसतो.

लॉगिन मिळालेलं असेल तर आरपीएम पॅकेजचा चेंजलॉग काढून त्यात सीव्हीई नंबर शोधा. डेबियनचा सिक्युरिटी ट्रॅकर कुठल्या पॅकेज आवृत्तीत काय दुरुस्त झालं ते सरळ सांगतो. लॉगिन नसेल तर क्लायंटच्या सिस्टिम ॲडमिनला पॅकेजची पूर्ण आवृत्ती विचारा. यात कमीपणा नाही. ग्रे बॉक्स टेस्टमध्ये (जिथे क्लायंट थोडी आतली माहिती देतो) हे विचारायचंच असतं. तसं शक्य नसेल तर रिपोर्टमध्ये ‘बॅनरवरून संशय’ एवढंच लिहा.

याची दुसरी बाजू सहसा कोणी तपासत नाही. पॅकेज नवं बसवलंय, पण सर्व्हिस रीस्टार्ट केलेली नाही. डिस्कवरची लायब्ररी दुरुस्त, मेमरीतली जुनीच. हार्टब्लीडच्या वेळी हे फार झालं. विंडोजवरही पॅच बसून रीबूटची वाट बघत असलेली मशीन सापडतात. तिथे क्लायंट ‘पॅच केलंय’ म्हणतो ते खरं असतं आणि तरीही एक्स्प्लॉइट चालतो.

चालणारा आणि न मोडता चालणारा यांत गल्लत

मेटास्प्लॉइट या एक्स्प्लॉइट चालवण्याच्या साधनातल्या प्रत्येक मॉड्यूलला एक रँक असतो: एक्सलंट, ग्रेट, गुड, नॉर्मल, ॲव्हरेज, लो, मॅन्युअल. हा शिक्का दर्जाचा नसून भरवशाचा आहे. एक्सलंट म्हणजे सर्व्हिस कधीच क्रॅश होणार नाही, म्हणून तिथे कमांड इंजेक्शन, एसक्यूएल इंजेक्शन अशी मंडळी दिसतात. मेमरी बिघडवून काम साधणारे एक्स्प्लॉइट त्याखाली येतात. सर्च केल्यावर हा कॉलम समोरच दिसतो, आणि तोच वाचला जात नाही.

विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एमएस१७-०१० त्रुटीवरच्या इटर्नलब्लूचं मॉड्यूल ॲव्हरेज आहे. ते कर्नलच्या मेमरीशी खेळतं. फसलं तर सर्व्हर निळ्या स्क्रीनवर जातो. पण त्याच एमएस१७-०१०साठी नेम्ड पाइप (विंडोजमधल्या प्रोग्रॅमचा एकमेकांशी बोलण्याचा मार्ग) वापरणारं दुसरं मॉड्यूल आहे, पीएसएक्झेकवालं. नेम्ड पाइप उपलब्ध असेल तर ते कितीतरी स्थिर चालतं. त्रुटी एक, रस्ते दोन, आणि घाईत हात जातो तो प्रसिद्ध नावाकडे.

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप, सीव्हीई-२०१९-०७०८, याहून अवघड. मे २०१९मध्ये पॅच आला, स्कोअर ९.८, सप्टेंबरमध्ये मेटास्प्लॉइटचं मॉड्यूल आलं, रँक मॅन्युअल. त्यात मशीन फिजिकल आहे की व्हर्च्युअल, कुठल्या हायपरव्हायझरवर आहे, यानुसार टार्गेट हाताने निवडावं लागतं. विंडोज सर्व्हर २००८ आर२वर तर एक रजिस्ट्री सेटिंग डिफॉल्टपेक्षा वेगळं असल्याशिवाय ते चालतच नाही. चालू प्रॉडक्शन सर्व्हरवर, दुपारी, महिनाअखेरीला हे मॉड्यूल चालवण्याचं कारण मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. त्रुटी आहे की नाही ते सांगणारा स्कॅनर मॉड्यूल आहे, तेवढा पुरतो.

आणि मग झीरोलॉगॉन, सीव्हीई-२०२०-१४७२. इथे धोका वेगळ्याच जागी आहे, कारण हा एक्स्प्लॉइट जवळजवळ हमखास चालतो. विंडोजच्या नेटलॉगॉन या लॉगिन तपासणाऱ्या प्रोटोकॉलमधल्या एन्क्रिप्शनच्या चुकीमुळे सगळे शून्य पाठवले तर सरासरी २५६ प्रयत्नांत एकदा डोमेन कंट्रोलर (नेटवर्कमधली सगळी लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) तुम्हाला मान्य करतो. काही सेकंदांचं काम. पुढची नेहमीची पायरी म्हणजे त्या कंट्रोलरच्या स्वतःच्या मशीन अकाउंटचा पासवर्ड रिकामा करणं. तो ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (खात्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीत) बदलतो, पण कंट्रोलरच्या रजिस्ट्रीत जुनाच राहतो. दोन्ही जुळेनासे झाले की रेप्लिकेशन (कंट्रोलरांमधली नोंदींची देवाणघेवाण) बिघडतं, सर्व्हिसेस अडखळतात, आणि मूळ पासवर्ड परत बसवेपर्यंत आयटीवाल्यांचे फोन थांबत नाहीत. ही त्रुटी शोधणाऱ्या सेक्युरा या कंपनीने एक तपासणी स्क्रिप्ट दिली होती. ती ऑथेंटिकेशन जमतं का एवढं बघते आणि पासवर्डला हात लावत नाही. क्लायंटला पटवायला तेवढं पुष्कळ झालं. स्कोअर १०.०, यश हमखास, आणि तरीही प्रॉडक्शनवर शेवटच्या पायरीपर्यंत न्यायचा नाही असा हा एक्स्प्लॉइट आहे.

एक्स्प्लॉइट चालला, शेल आलं नाही

इथे दहा वेळा रन दाबणं ही सगळ्यात महाग चूक. पहिल्या प्रयत्नातच सर्व्हिस पडली असेल तर पुढचे नऊ भिंतीवर आपटतात. आधी पोर्ट जिवंत आहे का बघा. नसेल तर थांबा आणि क्लायंटच्या माणसाला लगेच फोन करा. लपवून काही साधत नाही.

पोर्ट जिवंत असेल तर मॉड्यूलच्या चेक कमांडचं उत्तर नीट वाचा. मेटास्प्लॉइटमध्ये ‘व्हल्नरेबल’ आणि ‘अपिअर्स’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. दुसरं बहुधा आवृत्तीवरून बांधलेला अंदाज असतं, म्हणजे पुन्हा बॅनरचाच प्रश्न. मग टार्गेट: ३२ की ६४ बिट, कुठला सर्व्हिस पॅक. जुन्या एमएस०८-०६७मध्ये तर विंडोज एक्सपीची भाषासुद्धा जुळावी लागायची. मग परतीचा रस्ता: व्हीपीएनवरून काम करताना एलहोस्टला (शेल परत यायचा आपला पत्ता) घरच्या वायफायचा पत्ता राहून जातो, हे इतकं नेहमीचं आहे की तिथूनच सुरुवात केली तरी चालेल. बाहेर जाणारे पोर्ट फायरवॉलने अडवलेले असतात. किंवा पेलोड (एक्स्प्लॉइट आत गेल्यावर चालणारा कोड) विंडोज डिफेंडरने खाल्लेला असतो, आणि तसं असेल तर ती क्लायंटच्या बाजूची चांगली नोंद आहे, रिपोर्टमध्ये लिहा.

अनोळखी पीओसी जसाच्या तसा चालवणं

ऑगस्ट २०२३मध्ये विनरारच्या सीव्हीई-२०२३-४०४७७चा म्हणून एक पीओसी (त्रुटी सिद्ध करून दाखवणारा नमुना कोड) गिटहबवर आला. आतला कोड जिओसर्व्हर या दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या त्रुटीचा होता, आणि चालवणाऱ्याच्या मशीनवर व्हेनमरॅट हा दुरून ताबा देणारा मालवेअर बसायचा. त्याआधी जुलैत लिनक्स कर्नलच्या सीव्हीई-२०२३-३५८२९चा खोटा पीओसी सापडला. त्यात बिल्डच्या फाइलमध्येच बॅकडोअर लपवलेला होता. म्हणजे कंपाइल केलंत तिथेच फसलात. क्लायंटच्या व्हीपीएनला जोडलेल्या लॅपटॉपवर हे झालं तर काय, याची कल्पना करा. एक्स्प्लॉइट-डीबी या संग्रहावर ‘व्हेरिफाइड’ खूण आहे का बघा, कोड ओळ न ओळ वाचा, न कळणारा बेस६४ किंवा शेलकोड असेल तर तो उलगडल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि आधी स्वतःच्या लॅबमध्ये, नेटपासून तोडलेल्या व्हीएमवर चालवा. वेळ नसेल तर तो एक्स्प्लॉइट या टेस्टमध्ये नको.

‘मध्यम’ ओळी गाळणं

नोव्हेंबर २०२४मध्ये पालो आल्टोच्या फायरवॉलवर हल्ले झाले ते दोन त्रुटी जोडून. सीव्हीई-२०२४-००१२, स्कोअर ९.३, लॉगिन चुकवून मॅनेजमेंट पॅनेलपर्यंत नेणारी. दुसरी सीव्हीई-२०२४-९४७४, स्कोअर ६.९, तिथून रूटपर्यंत नेणारी. सात-आठच्या वरच गाळणी लावली असती तर अर्धी साखळी दिसलीच नसती. म्हणून यादी ‘यातून पुढे कुठे जाता येतं’ या नजरेने एकदा तरी वाचावी. त्या वाचनात सीव्हीई नसलेल्या गोष्टीही धरा: सगळ्यांना खुला शेअर, टॉमकॅटचा डिफॉल्ट पासवर्ड, सर्व्हिस अकाउंटचा कच्चा पासवर्ड. अंतर्गत टेस्टमध्ये एक्स्प्लॉइटपेक्षा हेच जास्त वेळा कामी येतात, आणि काही मोडतही नाहीत.

कागद

लेखी परवानगीत आयपी, तारखा आणि काय करायचं नाही हे स्पष्ट हवं. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ परवानगीविना केलेल्या प्रवेशाला लागतात. सर्व्हर तिसऱ्याच कंपनीच्या होस्टिंगवर असेल तर क्लायंटची सही पुरेलच असं नाही. सेवा बंद पाडू शकणारे एक्स्प्लॉइट नावानिशी आधी कळवा आणि त्यांची वेळ ठरवून घ्या.

रिपोर्टमध्ये प्रत्येक निष्कर्षापुढे एक जादा कॉलम ठेवा: ‘चालवून सिद्ध’, ‘तपासणीने खात्री, चालवलं नाही’, ‘बॅनरवरून संशय’. दुसऱ्या प्रकारापुढे न चालवण्याचं कारण एका ओळीत लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी येणारा टेस्टर तोच डोमेन कंट्रोलर नव्याने पाडून बघणार नाही.