जर्मनीत यू-18 निवडणुकीचं काम करायचंय? माझा अनुभव

सोशल वर्क नाहीतर एज्युकेशन शिकायला जर्मनीत येणारी बरीच मराठी मुलंमुली विचारतात की कोर्स सांभाळून करता येईल असं चांगलं काम कुठलं, तर माझं उत्तर ठरलेलंय, जवळच्या युगेंडक्लबमधे जा (शाळा सुटल्यावर मुलं जिथे खेळायला, टाईमपास करायला, होमवर्क करायला येतात ती जागा) आणि यू-18, म्हणजे 18 खालच्या मुलांच्या निवडणुकीला हातभार लावा.

आधी हे काय आहे ते सांगते. संसदेच्या निवडणुकीत मतदानाचं वय इथे 18 आहे, 1970 मधे 21 वरून खाली आणलं (आपल्याकडे हेच 1989 ला झालं). 2024 च्या युरोपियन निवडणुकीत इथल्या 16 वर्षांच्या मुलांनी पहिल्यांदा मत दिलं, काही राज्यांत राज्याच्या निवडणुकीलाही 16 आहे, पण त्याहून लहान मुलांचं काय? म्हणून 1996 ला बर्लिनमधे यू-18 सुरू झालं. खऱ्या निवडणुकीच्या 9 दिवस आधी, शुक्रवारी, 18 खालची मुलं मत देतात, तेही खऱ्याच पक्षांना. या मतांनी कुणी निवडून येत नाही, पण निकाल त्याच संध्याकाळी देशभर जाहीर होतो आणि त्याच्या बातम्या होतात. केंद्र कुणीही काढू शकतं, शाळा, लायब्ररी, क्लब, फक्त आधी नोंदणी करायची. आणि मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे पासपोर्ट कुठला ते कुणी विचारत नाही. सीरियातून आलेल्या घरातला मुलगा आणि इथेच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरातली मुलगी एकाच रांगेत उभे असतात. मला स्वतःला इथे मत नाही, भारतातलं द्यायचं तर तिकीट काढून गावी जावं लागतं, त्यामुळे ती रांग बघून मला खरंच भरून येतं.

आता कामाचं बोलूया. मतदानाचा दिवस हा शेवटचा भाग, खरी मेहनत त्याच्या आधीच्या आठवड्यांत असते. मुलांना पक्षांची नावं नको असतात, त्यांचे प्रश्न वेगळे असतात, घरभाडं एवढं का वाढलं, बसचा पास फुकट का नाही, युद्ध झालं तर भावाला सैन्यात जावं लागेल का. मग त्या प्रश्नावर कुठला पक्ष काय म्हणतो ते त्यांनाच शोधायला लावायचं. इथे वाल-ओ-माट नावाचं ऑनलाईन टूल आहे, 38 विधानं, प्रत्येकाला हो, नाही किंवा तटस्थ म्हणायचं आणि आपलं कुठल्या पक्षाशी किती जुळतं ते दिसतं, पण त्याची भाषा लहानांना जड जाते, सोबत बसून सोपं करून सांगावं लागतं, तेव्हा तुमचं जर्मन निदान बी-2 पातळीचं तरी हवं.

सगळ्यात महत्त्वाचं, स्वतःचं मत खिशात ठेवायचं. इथे 1976 पासून एक तत्त्व पाळतात, बॉयटेल्सबाख नावाच्या गावात ठरलेलं, की मुलांवर आपलं मत लादायचं नाही आणि समाजात जे वादाचं आहे ते वादाचंच म्हणून समोर ठेवायचं. मुलं तुम्हाला विचारणारच, "तू कुणाला दिलं असतंस?" मी उत्तर देत नाही, उलट विचारते की तुला असं का वाटतं, आणि तिथून गप्पा चालू होतात.

मतपेटी मुलांनाच बनवू द्या, खोक्यांची, रंगवलेली. मतदानाचा आडोसा मात्र नीट पाहिजे, त्यात हयगय नको. आमच्याकडे एका मुलीने आत जायच्या आधी हळूच विचारलं, "आईला कळेल का मी कुणाला दिलं?" नाही कळणार म्हटल्यावर ती आत गेली आणि बराच वेळ घेतला तिने. मतमोजणीलाही मुलांना बसवा. एका मतपत्रिकेवर फुलीऐवजी बदाम काढलेला निघाला, मग हे मत धरायचं का बाद करायचं यावर जे भांडण जुंपलं ते शाळेतल्या एखाद्या तासापेक्षा जास्त शिकवून गेलं, शेवटी मतदाराला काय म्हणायचंय ते स्पष्ट दिसतंय म्हणून धरलं.

2024 च्या शेवटी सरकार पडल्यामुळे निवडणूक अचानक फेब्रुवारी 2025 मधे आली, तयारीला वेळच नव्हता, तरी दीड लाखाहून जास्त मुलांनी मत दिलं. त्यांच्यात डी लिंके हा डावा पक्ष पहिला आला, साधारण 21 टक्के, आणि खऱ्या निवडणुकीत त्याच पक्षाला 9 टक्क्यांच्या आसपास. मोठी माणसं म्हणाली, पोरांना काय कळतंय. मी म्हणते आधी त्यांना विचारा तरी, भाडं आणि महागाई या मुलांनी घरात ऐकलेली असते.

कागदपत्रांचं थोडक्यात: मुलांसोबत काम म्हणजे विस्तारित चारित्र्य प्रमाणपत्र लागतं, संस्थेचं पत्र घेऊन ब्युर्गरआम्टमधे (नागरिकांच्या कामांचं सरकारी ऑफिस) अर्ज करायचा, स्वयंसेवकांना फी माफ असते, अपॉइंटमेंट मात्र लवकर घ्या. पुढे याच क्षेत्रात राहायचं असेल तर युलायका हे युथ लीडरचं कार्डही काढून ठेवा, इंटर्नशिपच्या अर्जात उपयोगी पडतं.

आणि निकाल लागला की काम संपलं असं समजू नका, 9 दिवस हातात असतात. तुमच्या भागातल्या उमेदवारांना, सगळ्या पक्षांच्या, मुलांचे आकडे आणि प्रश्न घेऊन क्लबवर बोलवा. मेलवर उत्तर नाही आलं तर फोन करा, आणि फोन मुलांनाच करू द्या.