इंग्रजीतल्या ‘गेट’ला (get) दुसरा शब्द शोधताना या चुका टाळा

व्हॉट्सॲपवर एक चित्र फिरत असतं: ‘गेट म्हणणं सोडा, हे भारी शब्द वापरा.’ खाली रिसीव्ह, ऑब्टेन, अक्वायर, बिकम, फेच अशी रांग. दादरच्या आमच्या क्लासला येणारे उतावळे ते मोबाइलमध्ये घेऊनच येतात. पंधरा दिवसांत फाडफाड इंग्रजी हवं असतं ना!

परळच्या एका मुलाने ती यादी घोकली आणि साहेबांना रजेचा मेल टाकला: ‘आय ऑब्टेन्ड फीवर लास्ट नाइट.’ साहेबांचं एका शब्दाचं उत्तर आलं: ‘फ्रॉम?’ पुढे कित्येक दिवस ऑफिसात कोणी शिंकलं की ‘काय रे, आज काय ऑब्टेन केलंस?’ पोरगा चिडला माझ्यावर, जणू यादी मीच पाठवली होती.

ऑब्टेन म्हणजे खटपट करून मिळवणं: परवानगी, व्हिसा, डोमिसाइलचा दाखला. पत्र आपसूक घरी आलं, तर रिसीव्ह. कौशल्य हळूहळू अंगी आलं किंवा एका कंपनीने दुसरी विकत घेतली, तर अक्वायर. ‘मिळालं’ आणि ‘मिळवलं’ यांत आपली शेंबडी पोरंही गल्लत करत नाहीत. इंग्रजी लिहायला बसलो की मात्र हे भान सुटतं. ताप कोणी मिळवत नाही, तो येतो. तिथे साधं ‘आय हॅव अ फीवर’ लिहा.

मी वाक्य आधी मराठीत म्हणून बघते. मिळालं, मिळवलं, झालं, पोचलं, कळलं, आणलं, यांतलं काय बसतं ते ठरलं की मगच इंग्रजी शब्द. रॉजे यांचा १८५२ सालचा थिसॉरस हा इंग्रजी शब्दकोशसुद्धा जवळच्या अर्थांचे शब्द एकत्र ठेवतो. त्यातला कुठलाही उचलून कुठेही चिकटवा, असं तो सांगत नाही. आणि बऱ्याचदा गेटच बरा. ‘गेटिंग लेट’चं ‘बिकमिंग लेट’ करून कोणी विद्वान ठरत नाही.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. डोळे उघडले की ‘वेक अप’, अंथरूण सोडलं की ‘गेट अप’. रविवारी या दोहोंत दोन तास जातात.

लग्न ‘गॉट मॅरिड विथ’ नाही, ‘टू’.

‘गेट डाउन ॲट दादर’ लोकलमध्ये सगळ्यांना कळतं, लंडनमध्ये ट्रेन-बसमधून ‘गेट ऑफ’ म्हणा. टॅक्सीतून मात्र ‘गेट आउट ऑफ’.

‘गेट’चं ‘गॉटन’ हे रूप अमेरिकी वळणाचं आहे. एकाच पत्रात वर ‘कलर’ ब्रिटिश स्पेलिंगने आणि खाली ‘हॅज गॉटन’, असली खिचडी नको.