लिन बस बोलत नाही? आधी पुल-अप पाहा
खिडक्या, आरसे, वायपर अशा कामांना कॅन या गाडीतल्या जास्त वेगवान नेटवर्कचा खर्च परवडत नाही, म्हणून गाडीत एका तारेची लिन बस असते, म्हणजे छोट्या बोर्डांना आपसात बोलायची तार. वेग जास्तीत जास्त २० किलोबिट प्रतिसेकंद. टीजेए१०२१ सारखी ट्रान्सीव्हर चिप (बसवर सिग्नल पाठवणारी आणि घेणारी) घेऊन स्वतः बोर्ड बनवताना बहुतेकदा घोळ होतो तो पुल-अपचा, म्हणजे बसची तार सप्लायच्या व्होल्टेजकडे ओढून धरणाऱ्या रेझिस्टरचा. चिपच्या आत साधारण ३० किलोओमचा रेझिस्टर असतो, स्लेव्हला (विचारल्यावर उत्तर देणाऱ्या बोर्डाला) तेवढा पुरतो. मास्टरला (बसवरचा संवाद चालवणाऱ्या बोर्डाला) मात्र बाहेरून १ किलोओम द्यावा लागतो, तोही डायोडमधून. हा डायोड वाचवायच्या भानगडीत पडू नका: मास्टरचा सप्लाय गेला की बसवरचा करंट उलटा त्या बोर्डात शिरतो.

गंमत म्हणजे हा रेझिस्टर विसरलात तरी मल्टिमीटर शांत बसवर बॅटरीच्या जवळपासचा व्होल्टेज दाखवतो. सिग्नलची चढती कड आळसावलेली दिसते ती ऑसिलोस्कोपवरच. व्होल्टेज शून्याजवळ अडकला असेल, तर एकेक नोड (बसला जोडलेला बोर्ड) सोडवत जा, म्हणजे बस खाली ओढणारा सापडेल.

आणि टीजेए१०२१ ची आरएक्सडी पिन, म्हणजे आलेला डेटा मायक्रोकंट्रोलरला देणारी पिन, ओपन-ड्रेन आहे: ती सिग्नल फक्त खाली ओढते, वर नेत नाही. तिला मायक्रोकंट्रोलरच्या सप्लायकडे वेगळा पुल-अप लागतो.