अल्ट्रासॉनिक अ‍ॅम्प्लिफायर शिकायचाय? आधी ट्रान्सड्यूसर मोजा

इलेक्ट्रॉनिक्सची मुलं या कामाबद्दल विचारायला येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: ‘किती वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर बनवू?’ माझं उत्तरही ठरलेलं. वॅटचं नंतर बघू, ट्रान्सड्यूसर कोणता ते सांग. ट्रान्सड्यूसर म्हणजे विजेपासून अल्ट्रासाउंडची कंपनं करणारा आणि परत आलेल्या कंपनांपासून वीज करणारा भाग. ऑडिओवर हात बसलेल्यांना हे पटायला वेळ लागतो. स्पीकर आठ ओहमचा धरून चाललं तर तिथे निभावतं. पिझो ट्रान्सड्यूसरपुढे तो हिशोब चालत नाही.

सुरुवात क्लीनिंगच्या टाकीखाली चिकटवतात त्या ४० किलोहर्ट्झच्या ट्रान्सड्यूसरपासून करा. स्वस्त असतो, दणकट असतो. धातूच्या दोन ठोकळ्यांमध्ये सिरॅमिकच्या चकत्या बोल्टने आवळलेल्या असतात. या रचनेचं मूळ पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी केलेल्या कामात आहे. ५०-६० वॅटच्या नगाची कपॅसिटन्स साधारण ४ नॅनोफॅरड भरते, म्हणजे ४० किलोहर्ट्झला जवळपास हजार ओहम. पण ऐन रेझोनन्सवर, म्हणजे त्याच्या नैसर्गिक कंपनाच्या फ्रिक्वेन्सीवर, तोच नग दहा-वीस ओहमच्या रेझिस्टरसारखा वागतो, आणि थोडं वर अँटीरेझोनन्सला गेलात की इम्पीडन्स (एसी करंटला होणारा एकूण विरोध) कित्येक हजार ओहमवर चढतो. वस्तू एकच, पण अ‍ॅम्प्लिफायरला वेगवेगळे लोड दिसतात.

हे स्वतः मोजून बघा. फंक्शन जनरेटर, सिरीजमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर आणि दोन चॅनेलचा स्कोप एवढं पुरतं. (सुरुवातीच्या नॅनोव्हीएनएची, म्हणजे इम्पीडन्स मोजणाऱ्या छोट्या स्वस्त उपकरणाची, मोजणी ५० किलोहर्ट्झपासून सुरू होते, त्यामुळे इथे तो कामाचा नाही.) फ्रिक्वेन्सी अगदी सावकाश वाढवा. ट्रान्सड्यूसरवरचं व्होल्टेज जिथे तळाला जातं तो रेझोनन्स, जिथे माथ्यावर जातं तो अँटीरेझोनन्स. दोन्ही आकडे वहीत लिहा. मग त्याचं तोंड पाण्याला टेकवा आणि पुन्हा मोजा. दरी उथळ झालेली दिसेल, फ्रिक्वेन्सीही सरकलेली असेल. गरम झाल्यावर ती आणखी सरकते. क्लीनिंग आणि वेल्डिंगच्या जनरेटरमध्ये फ्रिक्वेन्सीचा माग ठेवणारं पीएलएल (फेज-लॉक्ड लूप) सर्किट का असतं, हे या एका प्रयोगात जितकं कळतं तितकं पुस्तकाची पानं वाचून कळत नाही.

यानंतर हाफ-ब्रिज, म्हणजे आलटून पालटून चालू-बंद होणाऱ्या दोन मॉसफेटचं पॉवर सर्किट. त्याची स्क्वेअर वेव्ह थेट ४ नॅनोफॅरडवर सोडली की प्रत्येक एजला मॉसफेटमधून करंटचा मोठा स्पाइक जातो. मधली सिरीज इंडक्टर त्यासाठीच असते, ती वगळू नका. आणि जिवाची काळजी घ्या. २३० व्होल्ट रेक्टिफाय केले की ३२५ व्होल्ट डीसी होतात. तिथे स्कोपची ग्राउंड क्लिप लावली की शॉर्ट ठरलेला, म्हणून डिफरन्शियल प्रोब वापरा. शिकताना तर ३० व्होल्टच्या बेंच सप्लायवरच काम करा. ट्रान्सड्यूसर तापला किंवा आपटला तर बंद असतानाही त्याच्या टोकांवर चांगलंच व्होल्टेज साठतं. हात लावण्याआधी टोकं रेझिस्टरने डिस्चार्ज करा.

इमेजिंगमध्ये, म्हणजे सोनोग्राफीसारख्या कामात, खेळ बदलतो. तिथे सलग पॉवर नसते, मेगाहर्ट्झमधल्या एक-दोन सायकलचा पल्स असतो. केबल आणि एलिमेंट मिळून ३०० पिकोफॅरड धरा. २० नॅनोसेकंदात १०० व्होल्ट चढवायचे तर १.५ अँपिअर लागतात. म्हणून इथे पल्सर, म्हणजे असे छोटे जोरदार पल्स देणारं सर्किट, वापरतात. एमडी१२१३ ड्रायव्हर आणि टीसी६३२० मॉसफेट ही जोडी अभ्यासायला उत्तम आहे, डेटाशीट नीट वाचा. लिनिअर अ‍ॅम्प्लिफायरच हवा असेल तर स्ल्यू रेट (आउटपुट व्होल्टेज किती वेगाने बदलावं लागेल तो दर) आधी काढा: १ मेगाहर्ट्झला १०० व्होल्ट पीक म्हणजे मायक्रोसेकंदाला ६२८ व्होल्ट. बाजारातले बहुतेक ऑप-अँप इथेच बाद होतात. शिवाय ज्या तारेवर तुम्ही १०० व्होल्ट सोडता, त्याच तारेवरून काही मायक्रोव्होल्टचा इको परत येतो. पल्स सुटताना रिसीव्हरला १०० व्होल्टपासून तोडून तो इको वाचवणारा ट्रान्समिट-रिसीव्ह स्विच मला या सगळ्या सर्किटमधला सर्वांत सुंदर भाग वाटतो. नवीन माणूस त्याला सर्वांत कमी वेळ देतो, याचं वाईट वाटतं.

भंगारातलं सोनोग्राफी मशीन आणून उघडायचा विचार मात्र सोडून द्या. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्याला असं मशीन विकताच येत नाही. महाराष्ट्राने तर देशाच्या आधी, १९८८ मध्येच असा कायदा केला होता, आणि त्यामागचं कारण इतकं गंभीर आहे की पळवाट शोधूच नये. त्याऐवजी वेल्डिंगचे जोड तपासायला वापरतात तो २.२५ किंवा ५ मेगाहर्ट्झचा एनडीटी (वस्तू न मोडता तपासणी) प्रोब घ्या. पल्सर, स्विच, रिसीव्हर सगळं तेच शिकायला मिळतं, आणि एनडीटीत कामही आहे. २५ मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या ठोकळ्यावर जेल लावून प्रोब ठेवा. पहिला इको साधारण ८.५ मायक्रोसेकंदांवर दिसायला हवा. नाही दिसला तर पल्सचं व्होल्टेज वाढवत बसू नका, आधी स्विच तपासा.