पती गेल्यानंतरचे पहिले तीन महिने : तिचा हक्क कसा राखावा

घरातला कर्ता पुरुष गेला की तेराव्यापर्यंत माणसांची रीघ असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत, ती बाई आतल्या खोलीत मान खाली घालून बसलेली असताना, तिच्या पुढच्या आयुष्याचे व्यवहार बाहेर ओसरीवर ठरत असतात. म्हणून हे लेखन तिच्यासाठी जितके आहे तितकेच तिच्या भावासाठी, शेजारणीसाठी आणि बचत गटातल्या मैत्रिणींसाठी आहे, कारण त्या दिवसांत तिच्या वतीने कोणीतरी शुद्धीवर असणे आवश्यक असते.

सर्वांत आधी बोलायचे ते अंत्यविधीच्या वेळी. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे कोणत्याही कायद्याने बंधनकारक नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि १७ मे २०२२ च्या परिपत्रकाने राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसेच आवाहन केले. आपल्या गावात ठराव असो वा नसो, घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला आधीच विश्वासात घ्यावे. ऐन वेळी तिचा एक ठाम शब्द दहा तरुणांच्या वादापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

त्यानंतरचा नियम एकच आहे आणि तो कठोरपणे पाळावा : घाईने पुढे केलेल्या कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा नको. कागद बहुधा ‘बँकेचा आहे’ किंवा ‘वारस नोंदीचा आहे’ असे सांगून आणला जातो, सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारलेली असते, आणि वर हक्कसोडपत्र (आपला वाटा सोडून दिल्याचा कागद) किंवा कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) असते. जमिनीचे हक्कसोडपत्र नोंदणीकृतच असावे लागते. त्यामुळे ‘जरा तालुक्याला जाऊन येऊ’ असे कोणी म्हणाले, तर कोणत्या कार्यालयात आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय तिला एकटीला पाठवू नये.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करावी आणि दाखल्याच्या आठ-दहा प्रती घेऊन ठेवाव्यात. नाव आणि आधार कार्डावरील अक्षरे तंतोतंत जुळतात का, हे तिथल्या तिथे पाहावे.

आता जमीन. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस असतात. म्हणजे पत्नी, आई आणि दोन मुले असतील तर पतीच्या मालमत्तेचे चार समान भाग होतात. मुस्लिम कायद्यात मुले असल्यास पत्नीचा वाटा एक अष्टमांश असतो, तर गोव्यातील नागरी संहितेत, वेगळा विवाहपूर्व करार नसल्यास, दांपत्याच्या सामाईक मालमत्तेचा अर्धा भाग मुळातच तिचा असतो. महाराष्ट्रात वारसाहक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, द्यायची असते. शासनाच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरूनही अर्ज करता येतो. फेरफार, म्हणजे जमिनीवरील हक्क बदलल्याची नोंद, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. तो झाल्यावर ताजा सातबारा काढून तिचे नाव नेमके कुठे लिहिले आहे ते बोट ठेवून वाचावे. नाव भोगवटादार, म्हणजे जमीनधारक, म्हणून मुख्य रकान्यात हवे. पुष्कळदा ते ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकललेले आढळते आणि मग पीककर्जापासून अनुदानापर्यंत प्रत्येक ठिकाणी तिला दीरांच्या तोंडाकडे पाहावे लागते. सातबाऱ्यावर थोरल्या दीराच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे असेल, तर तो केवळ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे, एकटा मालक नव्हे. अशा वेळी जुने फेरफार काढून पतीचा हक्क दाखवावा लागतो. नोंद चुकीची झाली तर ६० दिवसांच्या आत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करावे. सासरे हयात असून वडिलोपार्जित जमीन त्यांच्याच नावे असेल तर वारस नोंदीने भागत नाही, वाटपाचा दावा करावा लागतो. सासऱ्यांच्या स्वकष्टार्जित जमिनीवर मात्र त्यांच्या हयातीत हक्क सांगता येत नाही. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलांच्या नावावरचा वाटा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे घाई करणाऱ्या नातेवाइकांना सांगावे.

पतीची पासबुके शोधावीत आणि मे महिन्याच्या नोंदी नीट पाहाव्यात. तिथे ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर तो बहुधा प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हप्ता असतो, २० रुपये दिसले तर प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा. पहिल्यात कोणत्याही कारणाने आणि दुसऱ्यात अपघाताने मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. ती छोटी ओळ कोणी वाचली नाही म्हणून हक्काचे पैसे राहून जातात, याची मला फार खंत वाटते. नामनिर्देशन (नॉमिनी) दीराच्या नावे असले तरी हताश होऊ नये, कारण नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, पण तेवढ्याने वारसांना डावलून त्या पैशांवर त्या व्यक्तीचा मालकी हक्क सिद्ध होत नाही.

निराधार अनुदानासाठी तहसील कार्यालयातील संजय गांधी योजनेच्या शाखेत अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाचा १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकरकमी २० हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज त्याच फेरीत द्यावा.

घराबाहेर काढण्याची भाषा सुरू झाली तर तिने रागाच्या भरात माहेरी निघून जाऊ नये. मात्र जिवाला धोका असेल तर आधी सुरक्षित जागा गाठावी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे आणि त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. १८१ ही महिला मदतवाहिनी आहे, तर १५१०० वर विधी सेवेची माहिती मिळते. मोफत वकील मिळण्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही.

‘दुसरे लग्न केलेस तर वाट्यावर पाणी सोडावे लागेल’ असे तिला कोणीतरी ऐकवतेच. हिंदू कायद्यानुसार पतीच्या मृत्यूबरोबर तिच्याकडे आलेला वाटा पुनर्विवाहाने जात नाही. हे तिला एकांतात, शांतपणे आणि एकापेक्षा अधिक वेळा सांगावे, आणि फेरफाराची प्रमाणित प्रत तिच्याच ट्रंकेत ठेवावी.