शिडाच्या जहाजांवरची पिंपे: मॉडेल, चित्र, सेट करताना या चुका टाळा

सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या युरोपीय जहाजाचे मॉडेल किंवा चित्र पाहिले की माझी नजर आधी पिंपांवर जाते. डोलकाठ्या, दोर, तोफा यांवर महिनोन्महिने घाम गाळलेला असतो आणि पिंपे मात्र सरसकट एका मापाची, काळ्या लोखंडी पट्ट्यांची, उभी रचलेली. अशी पिंपे नंतरच्या काळातल्या दारूच्या गोदामात शोभतात. दर्यावर्दी जहाजाचे अन्न, पाणी, बारूद सगळे पिंपांत असे, म्हणून ती तरी नीट दाखवायला हवीत.

सगळ्यात मोठी चूक कड्यांची, म्हणजे फळ्या आवळून धरणाऱ्या गोल पट्ट्यांची. त्या काळातल्या पुष्कळ पिंपांना लाकडी कडी असत. हेझल, चेस्टनट, विलो अशा झाडांच्या कोवळ्या काठ्या उभ्या चिरायच्या, सपाट बाजू आत आणि साल बाहेर ठेवून वळवायच्या, टोके खाचेत अडकवून विलोच्या चिरलेल्या फोकांनी करकचून बांधायची. असली एक-दोन कडी पुरत नाहीत. दोन्ही टोकांकडून ती एकीला एक चिकटवून ओळीने चढवत, त्यामुळे मधला फुगवटा तेवढा उघडा दिसे. मॉडेलमध्ये ही कडी फळ्यांच्या वर ठसठशीत उठलेली हवीत. लोखंडी कडे दाखवायचे असेल तर पातळ, चपटे आणि रिव्हेट मारलेले.

लोखंडी कडी होतीच, पण ती पैशाची वस्तू होती. ब्रिटिश आरमारात जहाजावरच्या पर्सरला, म्हणजे सामानसुमान सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, रिकाम्या पिंपांचा, सुट्या फळ्यांचा आणि लोखंडी कड्यांचा हिशेब द्यावा लागे. परत न आलेला माल त्याच्या खात्यावर पडे. पॅसिफिकच्या बेटांवर तर अशा कड्यांच्या लोखंडाची देवघेव चाले. म्हणून ‘जुने पिंप दिले समुद्रात फेकून’ असे प्रसंग जपून लिहा. रिकामे पिंप बहुधा सोडवून फळ्यांचा जुडगा बांधला जाई, आणि जहाजावरचा कारागीर लागेल तेव्हा ते पुन्हा उभे करी.

बारुदाच्या पिंपाला लोखंडी कडे दाखवणे ही अक्षम्य चूक. ठिणगीच्या भीतीने तिथे लाकडी किंवा तांब्याची कडी वापरत. ब्रिटिश आरमाराच्या नेहमीच्या पिंपात १०० पौंड, म्हणजे साधारण ४५ किलो बारूद मावे.

कडी बसवण्याचा प्रसंग लिहिताना आपल्याकडे हमखास बैलगाडीच्या चाकाची धाव डोळ्यासमोर येते: तापवा, चढवा, पाणी ओता. पिंपाचे कडे तसे बसत नाही. जाळ लागतो तो फळ्या वाकवायला. कडे मात्र थंडच, हातोड्याने ठोकत निमुळत्या टोकाकडून पोटाकडे उतरवतात. फळ्यांच्या सांध्यात ना सरस, ना खिळे. सगळा भार कड्यांच्या आवळण्यावर.

लाकडाचेही तसेच. पातळ पदार्थाच्या पिंपासाठी ओक करवतीने कापण्यापेक्षा केंद्रापासून सालीकडे, रेषेरेषेने फोडत. तसे केले की लाकडातले आडवे किरण, म्हणजे गाभ्यापासून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे, फळीच्या रुंद बाजूला समांतर राहून भिंतीसारखे आड येतात आणि पाणी झिरपत नाही. शिवाय लाकूड मुरलेले लागते. १५८७ मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेकने पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ स्पेनसाठी चाललेल्या फळ्या आणि कडी जाळली. त्याच्या स्वतःच्या पत्रात वजन आहे १६०० ते १७०० टन. पुढच्या वर्षी इंग्लंडवर निघालेल्या आर्माडाला, म्हणजे स्पेनच्या आरमारी ताफ्याला, कच्च्या लाकडाची पिंपे घ्यावी लागली आणि त्यांतले अन्नपाणी नासले. नौदलाच्या इतिहासात जळलेल्या फळ्यांना मी बुडालेल्या जहाजांइतकेच मोलाचे मानतो.

मापे: जुन्या इंग्रजी वाइन गॅलनच्या हिशेबाने टन (इथे वजन नव्हे, पिंपाचे माप) २५२, बट किंवा पाइप १२६, हॉग्सहेड ६३ आणि बॅरल साडेएकतीस गॅलन, म्हणजे अनुक्रमे सुमारे ९५४, ४७७, २३८ आणि ११९ लिटर. भरलेला बट वजनाला साधारण अर्धा टन. तो खांद्यावर टाकून चालणारा खलाशी रंगवू नका.

तळकोठीत पिंपे आडवी ठेवत, बूच वरच्या बाजूला. सगळ्यात खालची रांग नीरमाच्या, म्हणजे जहाज स्थिर राहावे म्हणून तळाशी भरलेल्या, खडीत रुतवलेली, आणि पोट कशावर टेकू नये म्हणून पाचरी.

साल बघायला विसरू नका. ब्रिटिश आरमारात १८१५ च्या सुमारास पाण्यासाठी लोखंडी टाक्या येऊ लागल्या. मुंबईत १८१७ मध्ये वाडियांनी बांधलेली सागवानी युद्धनौका ट्रिंकोमाली सध्या इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे. इंग्लंडला पोहोचल्यावर ती वर्षानुवर्षे राखीव पडून होती आणि १८४७ मध्ये सेवेत आली. ते रूप करणार असाल तर तळ पाण्याच्या पिंपांनी भरू नका.

सेटसाठी खरे पिंप आणले आणि गळायला लागले तर घाईने एम-सील थापू नका. कोरड्या हवेत फळ्या आकसतात, कडी सैल पडतात. आधी कडी ठोकून पोटाकडे उतरवा, मग पिंप पाण्याने भरून एक-दोन दिवस ठेवा आणि पाणी कमी झाले की भरत राहा. तरीही एखाद्या सांध्यातून धार राहिली तर फळी तडकली आहे का ते पाहा; प्रत्येक वेळी ती बदलावी लागतेच असे नाही.