‘४००७ कुठेही चालतो’: डायोड तपासताना आणि लावताना या चुका टाळा

वागळे इस्टेटमध्ये माझं दुरुस्तीचं टेबल आहे. पाऊस सुरू झाला की घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांतून पाण्याच्या पंपाचे कंट्रोलर यायला लागतात. गेल्या पावसाळ्यात डिप्लोमाचा एक मुलगा असाच बोर्ड घेऊन आला. "काका, ट्रान्झिस्टर उडतोय. हा तिसरा." बोर्डावर रिलेच्या (कॉइलने चालणाऱ्या स्विचच्या) शेजारी दोन रिकामी भोकं होती. तिथला डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, कुठे गेला म्हणून विचारलं तर म्हणाला, "तो शॉर्ट होता, काढून टाकला. त्याच्याशिवायही चालतं ना!"

चालतं खरं, पण फार दिवस नाही. आणि डायोड मुळात शॉर्ट नव्हताच.

मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर त्याने तो बोर्डावरच तपासला होता आणि दोन्ही बाजूंनी ०.४ आलं होतं. हिशेब करून बघा. १२ व्होल्टच्या लहान रिलेची कॉइल साधारण ४०० ओमची असते. मीटर या रेंजवर जेमतेम १ मिलिअँपिअर सोडतो. म्हणजे कॉइलवर ०.४ व्होल्ट पडणार, पिना उलटसुलट केल्या तरी तेवढेच. मीटर कॉइल मोजत होता आणि दोष डायोडच्या माथी आला. म्हणून डायोडचा एक पाय तरी सोडवा आणि मगच मोजा. चांगला सिलिकॉन डायोड एका बाजूने ०.५ ते ०.७ दाखवतो, दुसऱ्या बाजूने काहीच नाही.

मीटरच्या आणखी दोन गमती. शॉटकी (कमी व्होल्ट खाणारा, झटपट बंद होणारा) डायोड ०.१५ ते ०.३ दाखवतो आणि नवशिके तो ‘गेलेला’ समजून फेकून देतात. याउलट, मीटरवर उत्तम दिसणारा डायोड दोनशे व्होल्टला गळत असू शकतो, कारण मीटरकडे देण्यासारखे दोन-तीन व्होल्टच असतात. ५.१ व्होल्टचा झेनर (उलटा जोडल्यावर ठरावीक व्होल्ट धरून ठेवणारा डायोड) खरा ५.१ चा आहे का, हेही याच कारणाने मीटर सांगू शकत नाही. त्यासाठी १२ व्होल्टचा सप्लाय घ्या, १ किलोओमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावा, झेनर उलटा जोडा आणि त्याच्यावरचे व्होल्ट मोजा.

आता ट्रान्झिस्टर का उडत होते ते. कॉइलमधून ३० मिलिअँपिअर वाहत असतात. ट्रान्झिस्टर बंद झाला तरी कॉइल तो प्रवाह एकदम थांबू देत नाही. वाट मिळेना म्हणून ती ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचे (कॉइलला जोडलेल्या पायावरचे) व्होल्ट चढवत नेते, कधीकधी शंभराच्याही पुढे. त्या बोर्डावरच्या बीसी५४७ ट्रान्झिस्टरची सहनशक्ती आहे ४५ व्होल्टची. एका फटक्यात मरतोच असं नाही. पंप दिवसातून चार वेळा चालूबंद झाला की पंधरवड्यात हळूहळू संपतो. कॉइलला समांतर लावलेला डायोड त्या प्रवाहाला गोल फिरायला वाट देतो आणि तो कॉइलमध्येच जिरतो.

डायोडच्या अंगावरची पट्टी सप्लायच्या पॉझिटिव्हकडे हवी. उलटी लावलीत तर ट्रान्झिस्टर चालू होताक्षणी सप्लाय थेट डायोडमधून शॉर्ट होतो, आणि मग पंधरवडाही वाट पाहावी लागत नाही. रिलेवर साधा १एन४००७ डायोड, म्हणजे बोलीतला ‘४००७’, अगदी योग्य आहे.

पण याच यशामुळे ‘४००७ कुठेही चालतो’ ही समजूत पक्की होते. १००० व्होल्ट, १ अँपिअर, किंमत नगण्य, मोह होणारच. चार्जरच्या आउटपुटला मात्र तो लावू नका. मेनचा (घरातल्या विजेचा) एक फेरा २० मिलिसेकंदांचा असतो, तिथे ४००७ ला बंद व्हायला काही मायक्रोसेकंद लागले तरी कुणाला कळत नाही. चार्जर ५० किलोहर्ट्झवर चालत असेल तर पूर्ण फेराच २० मायक्रोसेकंदांचा. डायोड बंद होईपर्यंत प्रवाह उलटा वाहून जातो, डायोड तापतो, आउटपुट पडतं, आणि आपण कॅपॅसिटर बदलत बसतो. तिथे झटपट बंद होणारा यूएफ४००७, एफआर१०७ किंवा शॉटकी हवा. शॉटकीतही १एन५८१९ फक्त ४० व्होल्टचा आहे. ५ व्होल्टच्या लहान चार्जरला बहुधा पुरतो, १२ व्होल्टच्या आउटपुटला कमी पडू शकतो, कारण डायोडवर उलटे व्होल्ट आउटपुटपेक्षा बरेच जास्त येतात. जुन्याचा नंबर वाचा, तोच किंवा त्याहून वरचा लावा.

साध्या ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायमध्ये घोटाळा आकड्यांचा होतो. १२ व्होल्ट एसी म्हणजे शिखर १७. ब्रिजमध्ये (चार डायोडच्या जोडणीत) प्रवाहाच्या वाटेत एका वेळी दोन डायोड लागतात, त्यांचे १.४ वजा, उरले साडेपंधरा. हे बघून लोक १६ व्होल्टचा कॅपॅसिटर लावतात. लोड नसताना लहान ट्रान्सफॉर्मर छापील आकड्यापेक्षा जास्त देतो, मेनही चढउतार करतो, आणि एके दिवशी कॅपॅसिटर फुगून बसतो. २५ चा लावा. १२-०-१२ ला (मधून तार काढलेल्या ट्रान्सफॉर्मरला) दोनच डायोड वापरत असाल तर प्रत्येकावर उलटे ३४ व्होल्ट येतात, हेही धरा.

डायोडवर पडणारे हेच ०.७ व्होल्ट, म्हणजे त्याचा ड्रॉप, ५ व्होल्टवर जास्त बोचतात. उलट्या जोडणीपासून वाचायला मुलं प्रोजेक्टमध्ये ४००७ घालतात, मायक्रोकंट्रोलरला ४.३ मिळतात, आणि रिले लागला की सगळं रीसेट. लोक प्रोग्राममध्ये चूक शोधत रात्र घालवतात. तिथे शॉटकी.

दोन १ अँपिअरचे डायोड समांतर लावून २ अँपिअर होत नाहीत. जो जरा जास्त तापतो त्याचा ड्रॉप कमी होतो, म्हणून तोच आणखी प्रवाह ओढतो. सरळ १एन५४०८ लावा, तो ३ अँपिअरचा आहे.

मेनचा बोर्ड उघडाल तेव्हा मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट शिल्लक असू शकतात. प्लग काढल्यावर ते रेझिस्टरने उतरवा, मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका.

त्या मुलाच्या बोर्डाचा मूळ बिघाड वेगळाच निघाला: टाकीवरच्या सेन्सरच्या जोडात पाणी शिरून गंज आला होता. तो जोड कापून नवा केला, नवीन ट्रान्झिस्टर लावला आणि डायोड त्याच्याच हातून बसवून घेतला. पट्टी कुठे ठेवायची हे त्याने दोनदा विचारलं. डायोडचे पैसे मी धरले नाहीत.